चाकांच्या खुर्चीचा विमानप्रवास

सूर्याच्या सारथ्याचें एक नांव अमरकोशांत 'अनूरु' असें दिलें आहे. अनूरु म्हणजे ज्याला मांड्या नाहींत तो. हा अरुण गरुडाचा वडील भाऊ. मातेच्या उतावळेपणामुळें अपूर्ण देहानें जन्मला. असें असतांहि आकाशांतून धांवणाऱ्या रथाचे लगाम आपल्या पूर्वजांनीं त्याच्याच हातीं दिले. शाळेंत हा शब्द मीं मुलांकडून कितीदां तरी पाठ करून घेतला असेल. त्याचा अर्थ मात्र मला माझ्या पुतणीनें शिकविला.

ती एका महाविद्यालयांत गणित शिकविते. स्नायूंच्या दुबळेपणामुळें तिला लहानपणापासून उभें राहतां येत नाहीं. पण विजेवर चालणाऱ्या चाकांच्या खुर्चीवरून ती घरांत, रस्त्यांत आणि वर्गांत एकटी हिंडते. २०२४ सालच्या डिसेंबरांत तिला एका परिषदेसाठीं पुण्याहून उत्तरेकडील एका शहरीं विमानानें जावयाचें होतें. "एवढें ओझें घेऊन हवा कशाला हा उपद्व्याप?" असें घरांतील वडीलधाऱ्या मंडळींनीं म्हणून पाहिलें. ती बधेना, तेव्हां मी सोबत जावें असें ठरलें.

विमानतळावर कंपनीच्या कारकुनानें तिच्याकडे न पाहतां मला विचारलें, "यांना चार पावलें टाकतां येतात ना?" त्या मंडळींस उगाच त्रास नको, म्हणून मीं "येतात थोडींशीं" असें मोघम उत्तर दिलें. विमानकंपन्यांच्या दप्तरीं अशा प्रवाशांचे तीन वर्ग असतात: ज्याला जिना चढतां येतो तो, ज्याला जिना चढतां येत नाहीं, पण आसनापर्यंत चालतां येतें तो, आणि ज्याला मुळींच चालतां येत नाहीं तो. आसनांमधील चिंचोळ्या वाटेनें जाणारी अरुंद खुर्ची या तिसऱ्यासाठीं मागवितात. तिनें आठ दिवस आधीं सर्व लेखी कळविलें होतें. माझ्या भिडस्तपणानें तिचा वर्ग बदलला. ती अरुंद खुर्ची येईपर्यंत विमानाच्या दारांत आम्ही वीस मिनिटें खोळंबलों. लोक घड्याळें पाहत होते. ती हळूच म्हणाली, "काका, माझ्या पायांविषयीं मला विचारलें असतें तर बरें झालें असतें."

याहून मोठा प्रसंग उतरल्यावर आला. खुर्ची आली ती नियंत्रणाचा दांडा मोडलेल्या स्थितींत. सव्वाशे किलोची ती वस्तु. मोटारीची कळ सोडल्याखेरीज तिचीं चाकें फिरत नाहींत. कळ न सांपडल्यामुळें हमालांनीं हातीं लागेल तें धरून ती ओढली असावी. निघतांना ती कळेविषयींच्या सूचनांचा कागद खुर्चीस चिकटवूं पाहत होती, आणि "त्यांचें हें रोजचेंच काम आहे, चल" म्हणून मींच तिला घाई केली होती!

दुरुस्तीस तीन दिवस लागले. तोंवर तिला मागून ढकलावयाची उसनी खुर्ची मिळाली. निबंध तिनें वाचला, परंतु पाणी प्यावयास जावयाचें तरी "काका, जरा ढकलतां का?" असें म्हणावें लागे. कंपनीच्या दृष्टीनें एक डाग खराब झाला होता. तिचे मात्र पायच गेले होते.

ज्या घरीं अशी खुर्ची आहे त्यांनीं आमच्या चुकांवरून कांहीं बोध घ्यावा. भारतांतील नियमांप्रमाणें प्रवासाच्या किमान ४८ तास आधीं कंपनीस कळवावें लागतें. खुर्चीचें वजन, लांबी-रुंदी-उंची आणि बॅटरीचा प्रकार लेखी द्यावा. बोइंग ७३७ विमानाच्या सामानकक्षाचें दार तीन फुटांहूनहि कमी उंच असतें. तेव्हां पाठ दुमडते कीं नाहीं, हें आधींच पाहावें. लिथियमची जी बॅटरी काढून न्यावी लागते, तिला ३०० वॅट-तासांची मर्यादा आहे. व्होल्टास अँपिअर-तासांनीं गुणावें: २४ व्होल्ट व १० अँपिअर-तास म्हणजे २४०, हें चालेल, २० अँपिअर-तास म्हणजे ४८०, हें चालणार नाहीं. अशी बॅटरी टोंकें झांकून प्रवाशानें आपल्याजवळ ठेवावी. सामानांत देऊं नये. खुर्चींतच पक्की व सुरक्षित बसविलेल्या बॅटरीस ही मर्यादा नाहीं, पण कंपनीची संमति हवीच. उशी व सुटे भाग बरोबर घ्यावेत, दांडा सुटत असेल तर काढावा, नाहीं तर जाड वेष्टनांत गुंडाळावा. खुर्ची देण्यापूर्वीं तिचीं छायाचित्रें काढावींत, आणि मोडतोड दिसतांच विमानतळ सोडण्यापूर्वीं लेखी तक्रार नोंदवावी. परदेशप्रवासांत तर १९९९ चा मॉन्ट्रिअल करार खुर्चीस सामानच समजतो आणि भरपाईस मर्यादा घालतो. म्हणून मौल्यवान खुर्ची सोंपवितांनाच तिच्या किमतीचें विशेष घोषणापत्र द्यावें.

या सर्वांहून महत्त्वाचें एकच. प्रश्न आपणांस विचारला गेला, तरी उत्तर ज्याचें त्यास देऊं द्यावें. एकत्र कुटुंबांत आपण मायेपोटीं दुसऱ्याच्या वतीनें बोलतों. विनतेनें अंडें फोडलें तेंहि मायेपोटींच.

परतीच्या वेळीं दुसऱ्या कारकुनानें पुन्हां मलाच विचारलें. मीं पुतणीकडे बोट दाखविलें. दोन मिनिटांत तिनें सर्व सांगितलें, हमालास बोलावून कळ दाखविली, आणि कागद माझ्यापुढें करून म्हणाली, "काका, हा नीट चिकटवा." पुण्यास खुर्ची जशीच्या तशी विमानाच्या दारांत मिळाली. ती बसली आणि भरकन् पुढें निघून गेली. माझे गुडघे दुखत असल्यामुळें मला कांहीं तिला गांठतां आलें नाहीं.