पेटीनंतरची पेटी

काचीगुड्यास राहणारा माझा भाचा परवा विचारू लागला, "मामा, संगणकावर नाद घडवावयास सीरम विकत घेऊ, की फुकटचे व्हायटल पुरेल?"

प्रश्न वरवर पैशाचा. खरा तो कानाचा. दोहोंचे तत्त्व एकच: एकेका तरंगाचे नमुने ओळीने मांडावयाचे व त्यांतून सरकत नाद पालटावयाचा. हांबुर्गच्या वोल्फगांग पाल्म यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस ही कल्पना वाद्यात उतरविली. सीरम २०१४ साली आले, व्हायटल २०२० साली. सीरमसाठी तयार आवाजांचा बाजार मोठा. सोय तीच आणि धोकाही तोच.

पेटीत मींड नाही, या मुख्य आक्षेपावरून ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिला बंदी केली; ती सैल व्हावयास १९७१ साल उजाडले. या नव्या पेट्यांत सूर सुरावरून घसरतो. तेव्हा आता दोष वाद्याला देता यावयाचा नाही.

म्हणून भाच्यास म्हटले, "आधी व्हायटल घे. घरच्या तंबोऱ्याचा नाद नोंदवून त्यात घाल आणि सहा महिने मेहनत कर. मग उणे भासले, तर सीरम घे." उसन्या आवाजावर गणेशोत्सव गाजेल; ओळख पटावयाची ती स्वतःच्याच सुराने.