फासे शकुनीचेच!

आयपीएलचे दिवस आले की अंधेरी-बोरिवलीच्या संकुलांपासून घाटकोपर-मुलुंडच्या चाळींपर्यंत तरुण मुले सट्ट्यात नशीब अजमावू पाहतात. बुकी मात्र नशिबावर विसंबत नाही. तुल्यबळ संघांवर तो दोन्हीकडे 90 पैसे भाव देतो. दोघांनी परस्परविरोधी संघांवर शंभर-शंभर रुपये लावले, तर हरणाऱ्याचे 100 घेऊन जिंकणाऱ्याला 90 देतो. उरलेले 10 त्याचे. सामना कोणीही जिंको! एकीकडे पैसा वाढला, तर तो भाव बदलतो.

1887चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. 2025 मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदाही केला. परंतु मोबाइल घराघरांत आहे. तेथे पहारा पालकांचाच हवा. फासे शकुनीचे असतील, तर धर्मराजही हरतो, हे मुलांना वेळीच सांगायला हवे.