नेतृत्व शिकायचं तर बलदेवसिंगकडून

व्यवस्थापनाच्या वर्गांत सिनेमा दाखवायची प्रथा आता चांगलीच रुळली आहे. संघबांधणीसाठी ‘लगान’ लावतात, वेगवेगळ्या प्रांतांतल्या मुली एका जर्सीत कशा आणाव्यात यासाठी ‘चक दे! इंडिया’, आणि इंग्रजी चित्रपटांची पाळी आली की सिडनी ल्युमेटचा १९५७ सालचा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ हटकून निघतो. प्रेमपटाला मात्र या वर्गाचं दार बंद. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ हा आपला सर्वांत लाडका चित्रपट आहे आणि माणसांना कसं वागवावं हे आपण त्यातून शिकलो, असं एखाद्या अधिकाऱ्याने प्रशिक्षणात सांगितलं तर वर्गात हशा पिकतो. हा हशा चुकीचा आहे.

हसणाऱ्यांचं म्हणणं आधी ऐकून घेऊ. प्रेम हा दोघांचा खासगी मामला, नेतृत्व म्हणजे अनेकांना एका दिशेने नेणं. दोहोंचा संबंध काय? या प्रश्नाचं उत्तर स्टॅनफर्ड विद्यापीठात केव्हाच दिलं गेलं आहे. संघटना निर्णय कसे घेतात या विषयातलं विसाव्या शतकातलं फार मोठं नाव म्हणजे जेम्स मार्च. त्यांनी तिथे अनेक वर्षं नेतृत्वाचा अभ्यासक्रम शिकवला, आणि त्यासाठी कंपन्यांच्या यशोगाथा न नेमता ‘ऑथेल्लो’, ‘सेंट जोन’, ‘वॉर अँड पीस’ आणि ‘डॉन क्विक्झोट’ नेमली. २००३ साली डॉन क्विक्झोटच्या धड्यांवर त्यांचा एक माहितीपटही आला. फळ मिळेल म्हणून नव्हे, तर आपण जे आहोत त्याच्याशी इमान राखायचं म्हणून माणूस काही गोष्टी करतो, आणि नेत्याला हे इमान लागतं, असा मार्च यांचा मुद्दा. तो त्यांनी कुणाच्या आधाराने मांडला? डल्सिनियाच्या, म्हणजे बव्हंशी स्वतःच्याच मनाने घडवलेल्या एका स्त्रीच्या प्रेमात बुडालेल्या डॉन क्विक्झोट या सरदाराच्या.

शिवाय ज्या चित्रपटाला वर्गात मानाचं पान आहे, त्याचा शेवट तरी काय आहे? ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’मध्ये हेन्री फोंडाचा ज्यूरर अकरा जणांविरुद्ध एकटा उभा राहतो आणि एकेकाचं मत वळवतो. हे सगळ्या प्रशिक्षकांना पाठ असतं. पण शेवटपर्यंत अडून बसलेला ली जे. कॉबचा ज्यूरर पुराव्याने हरत नाही. दुरावलेल्या मुलाचा फोटो तो रागाने फाडतो आणि मग कोसळतो. त्या खोलीतली शेवटची गाठ कायद्याची नव्हतीच. ती एका बापाच्या दुखावलेल्या अधिकाराची होती.

रायगड जिल्ह्यातल्या आपटा स्टेशनावर ‘दिलवाले’चा शेवट चित्रित झाला, तिथेही गाठ हीच होती.

आता यापेक्षा जड आक्षेप. अनेक अभ्यासक, विशेषतः स्त्रिया, म्हणतात की हा चित्रपट पितृसत्तेची आरती आहे. नायिका सिमरनची आई, लाजो, स्वतः दागिने पुढे करून तिला आणि तिच्या प्रियकराला, राजला, पळून जा म्हणते. सिमरनही तयार असते. नकार देतो राज, कारण त्याला वडिलांच्या हातून मुलगी हवी असते. म्हणजे दोन बायकांच्या मताला किंमत नाही आणि दोन पुरुषांत ती एका हातातून दुसऱ्या हातात जाणार. हा आक्षेप खरा आहे. चित्रपटावर जीव असलेल्या माणसाने तो टाळू नये, कारण दागिन्यांच्या त्या प्रसंगात राज सिमरनला तिचं मत विचारतच नाही, आणि कितीही वेळा पाहिलं तरी हे खटकत राहतं.

परंतु आक्षेप घेणारे आणि चित्रपटाचे भाबडे चाहते, दोघेही एक गोष्ट गृहीत धरतात: राजची युक्ती यशस्वी झाली. तसं घडलेलंच नाही. राज खोट्या ओळखीने सिमरनच्या लग्नघरात शिरतो, स्वयंपाकघरापासून सगळीकडे हात लावतो, पहाटे तिच्या वडिलांबरोबर, बाऊजींबरोबर, कबुतरांना दाणे टाकतो, करवा चौथला सिमरनबरोबर दिवसभर उपाशी राहतो. सेवेने माणसं जिंकावीत, हा धडा इथून उचलायचा मोह होतो. प्रत्यक्षात काय होतं? युरोपातला एक फोटो बाऊजींच्या हाती लागतो आणि सगळा डाव एका क्षणात कोसळतो. राजला थपडा खाव्या लागतात आणि तो सिमरनला वडिलांच्या स्वाधीन करून स्टेशनाकडे निघून जातो. सेवा, गोडवा, हुशारी, यांतलं काहीही कामी आलेलं नाही. राजला आदर्श नेता ठरवणाऱ्याने चित्रपट मध्येच सोडलेला असतो.

शेवटच्या प्रसंगात बोलतं कोण? राज गाडीच्या दारात रक्ताळलेला उभा आहे. बोलते सिमरन. मनगट वडिलांच्या मुठीत, आणि ती विनवते आहे की मला जाऊ द्या. साऱ्या गोष्टीत जिच्या हाती सर्वांत कमी सत्ता आहे, तिचा आवाज अखेर सर्वांत जास्त सत्ता असलेल्या माणसाच्या कानी पडतो, आणि अमरीश पुरींचा बलदेवसिंग मूठ उघडतो. त्याला कुणी हरवलेलं नाही. भावी जावई, त्याचा गोतावळा, दिलेला शब्द, सगळं त्याच्याच बाजूला आहे. तरी तो चारचौघांदेखत आपला निर्णय फिरवतो.

चित्रपटातलं नेतृत्व इथे आहे. याच माणसाने पूर्वी काय केलं होतं ते आठवावं. मुलीचं मन आडून कानावर आलं, तिला एक प्रश्नही न विचारता त्याने लंडनमधला संसार गुंडाळला आणि अख्खं कुटुंब पंजाबला नेलं. अधिकारपदावरच्या माणसाचा हा ठरलेला रोग आहे: कुणकुण लागली की चौकशी करायची नाही, हुकूम काढायचा. महाराष्ट्रातल्या किती सहकारी संस्था, किती शाळा, किती नाटकमंडळ्या या रोगाने गेल्या! अध्यक्षाने एकदा जाहीर केलेला निर्णय मागे घेणं म्हणजे नामुष्की, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे.

ती खोटी ठरवणारं उदाहरण मुंबई सेंट्रल स्टेशनसमोरच आहे. २० ऑक्टोबर १९९५ला प्रदर्शित झालेला ‘दिलवाले’ मराठा मंदिर थिएटरमध्ये चालत राहिला, मिनर्व्हातल्या ‘शोले’चा पाच वर्षांहून अधिक काळाचा विक्रमही मागे पडला. फेब्रुवारी २०१५मध्ये १,००९ आठवड्यांनंतर खेळ थांबवायचं ठरलं आणि तसं जाहीरही झालं. लोकांनी गलका केला, आणि थिएटरने खेळ पुन्हा सुरू केला. यात कुणाची नामुष्की झाली?

हा चित्रपट जन्मालाही अशाच मोकळ्या हातातून आला. १९५९पासून दिग्दर्शन करणाऱ्या यश चोप्रांनी आपल्या संस्थेचा एवढा मोठा चित्रपट विशीतल्या मुलाच्या, आदित्यच्या, हाती दिला, आणि ‘बाजीगर’, ‘डर’मधल्या खुनशी भूमिकांनी गाजलेल्या शाहरुख खानला प्रेमवीर करायचा त्याचा निर्णय चालू दिला.

उरला तो शेवटचा आक्षेप: तोच चित्रपट पुन्हा पुन्हा पाहणं म्हणजे पोरकटपणा. उलट आहे. १९९५ साली विशीत असलेल्या प्रेक्षकाने तेव्हा राजच्या डोळ्यांनी गाडी पकडली. तोच आज पन्नाशीत आहे, घरात वयात आलेली मुलं आहेत, कचेरीत हाताखाली माणसं आहेत. आता त्याची नजर आपोआप फलाटावरच्या बापाकडे वळते आणि मनगट धरणारी मूठ स्वतःची वाटते. एकदा वाचून बाजूला ठेवलेली केस स्टडी असं वयाबरोबर बदलत नाही. त्यासाठी भक्तीच लागते, वर्षानुवर्षांची. आणि लाजोकडे लक्ष जायलाही उशीर लागतो. मुलीला आधी त्याग करायला सांगणारी ही आई पुढे स्वतःचं मत बदलते, नवऱ्याच्या कितीतरी आधी. फरीदा जलालने हा बदल किती थोड्या शब्दांत उभा केला आहे!

तेव्हा अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी या चित्रपटातले तीन प्रसंग घ्यावेत. सिमरन युरोपला जायची परवानगी मागते तो, लाजो दागिने पुढे करते तो, आणि फलाटावरचा. तिसरा दाखवताना मूठ सुटण्याआधी चित्र थांबवावं आणि बसलेल्या अधिकाऱ्यांना विचारावं: गेल्या वर्षभरात तुमच्या हाताखालच्या कुणी तुमच्याकडे काय मागितलं, आणि ते तुम्ही पुरतं ऐकून घेतलं होतं का? उत्तरं लिहून घ्यावीत, नावं न घालता.