कॅट काढा, पिकअप वाढवा?

"कॅट काढून सरळ पाइप टाक, पिकअप वाढेल!" हा सल्ला देणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. १९९५ साली चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा केला, तो काय शोभेला?

घरी बदलायला माझी ना नाही. इंजिन गार होऊ द्या, नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरू नका. पण आधी जुना मेला कशानं ते शोधा. मिसफायर तसाच ठेवलात तर न जळलेलं पेट्रोल नवीन कॅटही वितळवेल. बग तसाच, पैसे मात्र गेले!

आणि "पीयूसीत पास होते की" म्हणू नका राव. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. ते सिग्नलला मागे थांबलेल्या बाइकवाल्याच्या छातीत जातात.