टॉवर दूर, तार जवळ

शेतकऱ्याचें दप्तर आतां तलाठ्याच्या पेटींत राहिलेलें नाहीं. तें शेतकऱ्याच्या खिशांत आलें आहे. सातबाराचा उतारा १ मे २०१८ पासून डिजिटल सहीनें घरबसल्या मिळूं लागला. आपल्या पिकाची पाहणी शेतकऱ्यानें स्वतः फोनवरून नोंदवावी, असें १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ठरलें. फळपिकाच्या विम्याचा अर्ज, अनुदानाची मागणी, बँकेचा ओटीपी, आंब्याच्या पेटीचे पैसे, हें सर्व त्याच एका वीतभर यंत्रांतून येतें-जातें. आमची उमर महसुलाच्या कारकुनींत गेली आहे. एका उताऱ्यासाठीं रयतेनें किती हेलपाटे घातले तें आम्ही पाहिलें आहे, म्हणून या सुधारणेचें आम्ही मनापासून स्वागत करतों. परंतु दप्तर खिशांत देतांना तें वाहून नेणारी वाट वाडीपर्यंत पोहोंचली आहे कीं नाहीं, याची चौकशी पुरेशी झाली नाहीं, असें आम्हांस स्पष्ट म्हणावेंसें वाटतें.

आमच्या नांदगांवचीच गोष्ट घ्या. देवगडचा रस्ता जेथें मुंबई-गोवा महामार्गास मिळतो, त्या तिठ्यावर फोन खणखणीत बोलतो. तेथून उतरून ओहोळाकडेच्या एखाद्या वाडींत जावें. वर सडा, खालीं कलमें, मध्यें चिऱ्याचीं घरें. तोच फोन मुका होतो. गांवकरी म्हणतात, टॉवर हवा. मागणी रास्त आहे. केंद्र सरकारनें जुलै २०२२ मध्यें देशांतील जाळें न पोहोंचलेल्या २४,६८० गांवांसाठीं २६,३१६ कोटि रुपयांची योजना मंजूर केली, तीहि याच गरजेपोटीं. पण डोंगराच्या सावलींतील प्रत्येक वाडीस स्वतंत्र टॉवर मिळेल, ही आशा व्यवहारी नव्हे. तोंपर्यंत हात जोडून बसण्याचेंहि कारण नाहीं, हें आमचें म्हणणें आहे. तें पटावयाचें तर हें बिनतारी प्रकरण चालतें कसें, तें थोडें समजून घेतलें पाहिजे.

फोनमधून निघालेला फोटो अखंड जात नाहीं. त्याचे तुकडे पाडले जातात. एक तुकडा साधारण १५०० अक्षरांएवढा. म्हणजे ३० लक्ष अक्षरांचा फोटो सुमारें २००० लखोट्यांत भरला जातो. प्रत्येक लखोट्यावर धाडणाराचा व घेणाराचा पत्ता असतो, आंत अनुक्रमांक असतो, आणि पलीकडून पोच यावी लागते. पोच न आल्यास तोच लखोटा पुन्हां रवाना होतो. हा रिवाज व्हिंट सर्फ व बॉब कान या दोघां अमेरिकन विद्वानांनीं १९७४ सालीं मांडला, आणि आजचें इंटरनेट त्याच्याच पायावर उभें आहे. आवक-जावक बारनिशी ज्यानें सांभाळली आहे, त्यास यांत नवल वाटूं नये.

यांत एक गोम आहे. पोच आली नाहीं कीं फोन असें समजतो कीं वाटेंत गर्दी झाली. म्हणून तो आपला वेग उतरवितो. तारेवर हें अनुमान बहुधा खरें ठरतें. हवेंत मात्र लखोटा गर्दीनें नव्हे, तर ओल्या पानांनीं अडलेला असतो. फोनला तें कळत नाहीं, आणि आधींच दुबळी झालेली वाट तो आपण होऊन आणखी मंद करतो. पडद्यावरचें चक्र फिरत राहतें तें पुष्कळदां यामुळें.

आणखी एक तक्रार आम्ही वारंवार ऐकतों: “चित्रपट दिसतो, पण पिकाचा फोटो कांहीं जात नाहीं.” हा भुताटकीचा प्रकार नव्हे. टॉवरचा आवाज वीस-चाळीस वॅटांचा असतो. फोनचा जास्तींत जास्त ०.२ वॅटच्या आसपास. शिमग्याचा ढोल सड्यावर वाजला तर खालच्या वाडींत ऐकूं येतो, पण वाडींतून मारलेली हाक ढोलवाल्यास ऐकूं जाईलच असें नाहीं. फोनवरील दांड्या ढोल किती ऐकूं येतो तेवढेंच सांगतात. आपली हाक पोहोंचते काय, हें सांगत नाहींत. सरकारी काम नेमकें हाक मारण्याचें असतें. फोटो चढवावयाचा, अर्ज भरावयाचा.

टॉवरखालचा व्यवहार पाटाच्या पाण्यासारखा आहे. पाळी ठरविणारा एकच, तो टॉवर. ४जीच्या पद्धतींत तो सेकंदाच्या हजाराव्या हिश्शागणिक कोणत्या फोनला किती पाणी सोडावयाचें तें ठरवितो. शिस्त उत्तम, पण पाणी तेवढेंच. चतुर्थीस मुंबईहून चाकरमानी उतरले कीं पाळ्या दुप्पट-तिप्पट होतात आणि प्रत्येकाच्या वांट्यास शिंतोडे येतात. एप्रिल-मे महिन्यांतहि तेंच. आणि आमच्या बागाइतदारांस पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांशीं पेटीचा सौदा करावयाचा असतो तो याच दिवसांत.

वाय-फायचा व्यवहार निराळा. त्यांत पाळी ठरविणारा कोणी नाहीं. ती अध्यक्षावांचून चालणारी सभा आहे. तिचा मूळ प्रयोग १९७१ सालीं हवाई बेटांवरील विश्वविद्यालयानें केला. बेटाबेटांतून समुद्र, तार टाकणें परवडेना, म्हणून नॉर्मन अब्रामसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं रेडिओवरून यंत्रें बोलतीं केलीं. त्यांचा नियम अगदीं साधा होता: मनांत आलें कीं बोलावें, दोघे एकदम बोलून शब्द विरघळले तर थोडें थांबून पुन्हां बोलावें. १९९७ सालीं वाय-फायचा पहिला नियमग्रंथ निघाला, त्यांत सभ्यता वाढली. बोलण्यापूर्वीं कान द्यावा. कोणी बोलत असल्यास गप्प राहावें. शांतता झाली तरी लगेच तोंड न उघडतां मनांत एक आंकडा धरून तितका वेळ थांबावें, म्हणजे दोघे बरोबर उठत नाहींत. हें थांबणें सेकंदाच्या एक-दोन लक्षांश मापांनीं मोजलेलें असतें. आमच्या ग्रामसभांनीं या नियमाचा अंगीकार केल्यास पुष्कळ काम होईल. असो.

या सभेचा आवाज लहान आहे. वाय-फायच्या लहरीची लांबी सुमारें १२ सेंटिमीटर, म्हणजे अर्धी वीत. दुसऱ्या प्रकारची त्याच्याहि निम्मी. टॉवरच्या ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी सुमारें ३३ सेंटिमीटरच्या. लांब लहर झाडीतून व उंचवट्यावरून थोडी वळून जाते. आंखूड लहर चिऱ्याच्या भिंतीशीं आणि पावसाळी पानांशीं थकते. म्हणून वाय-फायची पेटी कोठीच्या खोलींत न ठेवतां पडवींत उंचावर बसवावी. मोकळ्यावर शंभरेक मीटर, घरांत दोन-तीन भिंती, एवढीच तिची धांव. परंतु लहान आवाजाचा लाभहि आहे: आमच्या वाडीची सभा आणि पलीकडच्या वाडीची सभा एकाच वेळीं भरूं शकतात, कोणाचें पाणी कोणी तोडीत नाहीं. आणि २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा या देशांत २००५ पासून, व ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ पासून, ठरीव शक्तीच्या मर्यादेंत विनापरवाना वापरावयास मोकळा आहे. गायरान म्हणा ना.

येथें कोणी विचारील, माणूस चालता-फिरता असतां त्याचा पत्ता कसा टिकतो? लखोटा तर पत्त्यावर जातो, आणि फोन कधीं तिठ्यावर, कधीं कासार्ड्याच्या वाटेस. याचें उत्तर आमच्या बदल्यांत आहे. कारकुनाची बदली झाली कीं जुन्या कचेरींत त्याच्या नांवें आलेलें पत्र परत जात नसे. हेडक्लार्क तें न उघडतां मोठ्या पाकिटांत घालून, वर नव्या कचेरीचा पत्ता लिहून धाडी. १९९६ सालीं चार्ल्स पर्किन्स यांनीं संपादिलेल्या नियमांत हीच युक्ति आहे: फोनचा एक मूळ पत्ता, एक तात्पुरता पत्ता, आणि मूळ ठिकाणीं पत्रें पुढें धाडणारा एक मुनीम. मोबाइल कंपन्यांची जाळीं आपल्या निराळ्या नियमांनीं, पण याच तत्त्वावर चालतात. पत्ता कंपनीच्या नाक्यावर स्थिर राहतो आणि आपण टॉवर बदलूं तसें पाकिटावरील पाकीट बदलतें. वाय-फाय मात्र एका घरचें सोडून दुसऱ्याचें धरलें कीं बहुधा पत्ताच बदलतो. यावरून निष्कर्ष असा कीं, रस्त्यानें जाणाऱ्यास टॉवरच हवा. बसून काम करणारास वाय-फाय पुरतें. आणि आमचें सरकारी व बाजाराचें बहुतेक काम बसून करण्याचें आहे.

आतां मुख्य मुद्दा. वाय-फायच्या पेटीला मागून तार लागते, आणि ती तार टॉवरपेक्षां पुष्कळ ठिकाणीं जवळ आहे. ग्रामपंचायतीपर्यंत कांचेची तार नेण्याची योजना केंद्र सरकारनें २०११ सालीं मंजूर केली. तिलाच पुढें भारतनेट म्हणूं लागले. शिवाय खाजगी केबलवालेहि बाजारपेठेपर्यंत आले आहेत. परंतु तार कपाटांत येऊन थांबली तर तिचा उपयोग काय? ९ डिसेंबर २०२० रोजीं मंत्रिमंडळानें पीएम-वाणी ही योजना मान्य केली, तिच्याकडे आमच्या संस्थांचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं. तिच्या अन्वयें किराणा दुकान असो कीं विकास सोसायटी, कोणीहि सार्वजनिक वाय-फायचें केंद्र उघडूं शकतो. त्यास परवाना लागत नाहीं कीं नोंदणीची फी लागत नाहीं. हिशेब व ओळख पटविण्याचें काम नोंदलेली मध्यस्थ कंपनी पाहते. तारेचा दर फार पडतो ही अडचण होती. जून २०२५ मध्यें दूरसंचार नियामकानें असें ठरविलें कीं, २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीस अशा केंद्राकडून घरगुती गिऱ्हाइकाच्या दराच्या दुपटीहून अधिक घेऊं नये.

हें केवळ कागदावरचें नाहीं. पालघर जिल्ह्यांत मुंबईच्या आय.आय.टी.चे प्राध्यापक अभय करंदीकर व त्यांच्या मंडळीनें ‘ग्राममार्ग’ नांवाचा प्रयोग केला. खामलोळी व आसपासच्या मिळून सात गांवांत, टेलिव्हिजनच्या पट्ट्यांतील रिकाम्या जागा खास परवानगीनें वापरून, त्यांनीं झाडीतून लांबवर लहरी नेल्या आणि गांवांत पोहोंचल्यावर वाय-फायनें वांटल्या. २०१७ सालीं मोझिला या जागतिक संस्थेनें त्यास १,२५,००० डॉलरांचें पहिलें बक्षीस दिलें. पालघरची झाडी आणि आमची झाडी यांत फरक तो किती? टेलिव्हिजनचा पट्टा आपणांस मोकळा नसला तरी ५ गिगाहर्ट्झच्या दोन तबकड्या एका सड्यावरून दुसऱ्या सड्यावर समोरासमोर लावून तार नसलेल्या वाडीपर्यंत जाळें नेतां येतें. अट एकच: मध्यें झाड वा टेकडी येतां कामा नये.

म्हणून आमची सूचना अशी कीं, प्रत्येक विकास सोसायटीनें आपल्या कचेरीच्या पडवींत असें एक केंद्र उघडावें, आणि सभासद जास्त असलेल्या वाडींत दुसरें. तेथें वाय-फायवरून साधा कॉलहि लावतां येतो. मोठ्या कंपन्यांनीं ही सोय २०१९-२० पासून दिली आहे.

आक्षेप येतील. पहिला, वाय-फाय बागेंत पोहोंचत नाहीं. खरें आहे. परंतु शेताचें ठिकाण दाखविणारा उपग्रहाचा इशारा इंटरनेटवांचूनहि फोनला मिळतो. जाळें लागतें तें फोटो चढवितांना. सबब, शेतकऱ्यासाठीं काढलेल्या प्रत्येक सरकारी ॲपांत बागेंत नोंद करून सोसायटीच्या पडवींतून ती धाडण्याची सोय असलीच पाहिजे, ही मागणी टॉवरच्या मागणीइतक्याच नेटानें केली पाहिजे. मुदत संपल्यावर ‘नेटवर्क नव्हतें’ ही सबब कोणत्याहि कचेरींत चालत नाहीं, हें आमच्याइतकें कोणास ठाऊक? दुसरा आक्षेप, पोरें तेथें बसून चित्रपट पाहतील. पाहतील. वाचनालयांतहि सर्वच गीता वाचीत नसत. तिसरा मात्र गंभीर आहे: लबाडीची भीति. उघड्या वाय-फायवर धाडलेलें पत्र पोस्टकार्डासारखें असतें. बँकेचें वा सरकारचें पान कुलुपाच्या चिन्हाचें असल्यास तें बंद लखोट्यांतून जातें, तरी पत्ता नीट वाचूनच उघडावें आणि ओटीपी कोणासहि सांगूं नये. मग तो आपणांस कितीहि मोठा अधिकारी म्हणवो.

विजेचाहि विचार हवा. १६ मे २०२१ रोजीं तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यालगत गेलें. खांब पडले, वीज गेली आणि तिच्यामागून फोनहि गेले. कलमांच्या नुकसानीची खबर देण्याची गरज होती नेमकी तेव्हांच. तारेचा डबा व वाय-फायची पेटी मिळून वीस वॅटांच्या आंत खातात. घरगुती इन्व्हर्टरच्या एका मोठ्या बॅटरीवर तीं दोन दिवस चालतील. पण तार विजेच्या खांबावरूनच आणली असेल तर खांबाबरोबर तीहि पडेल, म्हणून जोडणी घेतांना ती जमिनीखालून येते कीं वरून, हें आधीं पाहावें.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आंत भरावयाच्या असतात. सभासदांनीं हा विषय पत्रिकेवर यावा म्हणून आधींच लेखी सूचना द्यावी, तिची पोच घ्यावी, आणि सभेंत निदान एवढें विचारावें: आपल्या ग्रामपंचायतींत कांचेची तार आली आहे काय, आली असल्यास ती आज चालू आहे काय, आणि चालू असल्यास तिच्या कपाटाची किल्ली कोणाजवळ आहे?