पेनड्राइव्ह दिसत नाही म्हणजे गेला असे नाही

नवापूरहून एका भगिनीचा प्रश्न आला आहे. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर मुलाने उबुंटू टाकले, कॉम्प्युटर पळू लागला, सगळे खूश. पण पेनड्राइव्ह लावला तर पडद्यावर काहीच येत नाही. त्यात मुलीच्या शिष्यवृत्तीचे कागद आहेत, सातबारा आहे आणि मरहूम दादाजानच्या आवाजाचे रेकॉर्डिंग आहे. दुकानदार म्हणतो, "फॉरमॅट मारू या, चालू होईल."

फॉरमॅट मारू नये. पेनड्राइव्ह चालू होईलही, पण आतला आवाज जाईल.

असे प्रश्न आता वाढणार. विंडोज 10 ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली आणि विंडोज 11 जुन्या कॉम्प्युटरला सहसा घेत नाही. चांगले चालणारे यंत्र भंगारात देण्यापेक्षा त्यावर लिनक्स टाकणे आम्हाला केव्हाही पटते. 1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने त्याची सुरुवात केली. ते फुकट आहे आणि त्याची आतली रचना कोणालाही पाहता येते. आपल्या सी-डॅकने काढलेली 'बॉस' ही प्रणालीही लिनक्सच आहे आणि तीत मराठी व उर्दू दोन्हींची सोय आहे.

आता मूळ गोष्ट. 'दिसत नाही' या एका तक्रारीत तीन निरनिराळे आजार असतात. घरी पत्र येते तसेच समजा. एक, पत्र दारापर्यंत पोहोचलेच नाही. दोन, पोहोचले, पण उर्दूत आहे आणि घरात फक्त मराठी वाचणारा बसला आहे. तीन, वाचता येते, पण पाकीट अर्धवट चिकटलेले आहे म्हणून तो उघडायला कचरतो. कोणता आजार ते कळल्याशिवाय औषध देऊ नये.

पोहोचले की नाही हे आधी पाहावे. कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबी खाचांच्या वायरी बऱ्याचदा सैल असतात, म्हणून मागच्या खाचेत लावावे. मधला हब किंवा लांब केबल काढून टाकावी. यूएसबी 2 ची खाच जास्तीत जास्त 500 मिलीअँपियर वीज देते. पेनड्राइव्हला ती पुष्कळ झाली, पण पोर्टेबल हार्ड डिस्कला कधी कधी पुरत नाही, मग ती नुसती टिकटिक करते. तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला आणि दुसरा पेनड्राइव्ह त्याच खाचेला लावून पाहिला की दोष कुणाचा हे निम्मे कळते.

यानंतर टर्मिनल. घाबरण्यासारखे काही नाही. कंट्रोल, ऑल्ट आणि टी ही बटणे एकत्र दाबली की काळी खिडकी उघडते. तिथे इंग्रजी लहान लिपीत एल, एस, बी, एल, के ही पाच अक्षरे सलग टाकून एंटर दाबावे. ही आज्ञा फक्त यादी दाखवते, काही पुसत नाही. यादीत साधारणपणे 'एसडीए' ही कॉम्प्युटरची स्वतःची डिस्क आणि 'एसडीबी' हा पेनड्राइव्ह असतो, पण नावापेक्षा आकारावरून ओळखावे. 32 जीबीचा पेनड्राइव्ह 29 च्या आसपास दिसतो, ती फसवणूक नव्हे, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. ओळ आणि आकार दोन्ही दिसले तर पत्र पोहोचले. ओळच नसेल, किंवा आकार शून्य असेल, तर खाच बदलूनही तसेच राहिल्यास पेनड्राइव्हचाच दोष समजावा.

ओळ दिसते पण फाइली दिसत नाहीत, हा दुसरा आजार, आणि आमच्या मते सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतो. 32 जीबीपेक्षा मोठी मेमरी कार्डे आणि बरेच मोठे पेनड्राइव्ह 'एक्सफॅट' नावाच्या मांडणीत येतात. ती मायक्रोसॉफ्टची. 2019 मध्ये कंपनीने तिची माहिती खुली केली आणि 2020 पासून लिनक्सच्या गाभ्यात ती नीट बसली. त्याआधीचे जुने लिनक्स असेल तर लहान पेनड्राइव्ह उघडेल, मोठा उघडणार नाही. उपाय फॉरमॅट नव्हे. लिनक्स नवे करावे, किंवा जुन्यासाठी एक्सफॅटचे वेगळे पॅकेज टाकावे.

तिसऱ्या आजारात विंडोजचा हात असतो. तिथे पेनड्राइव्ह तसाच खेचून काढला की आतल्या नोंदी अर्धवट राहतात आणि लिनक्स उघडायला नकार देते, किंवा नुसते वाचू देते. तो पुन्हा विंडोजला लावून एरर चेकिंग करावे आणि रीतसर बाहेर काढावा. मात्र पेनड्राइव्ह स्वतःच खराब होत आला आहे अशी शंका असेल, म्हणजे तो मध्येच तुटत असेल किंवा फाइल उघडायला फार वेळ घेत असेल, तर दुरुस्तीच्या फंदात न पडता जे निघते ते आधी दुसरीकडे उतरवून घ्यावे. काहीच निघत नसेल तर 'फोटोरेक' हे मोफत साधन फोटो आणि आवाजाच्या फाइली शोधून काढते. सापडलेले मात्र त्याच पेनड्राइव्हवर कधीही साठवू नये.

उर्दू कंपोज करणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. इनपेजची फाइल यादीत दिसते पण उघडत नाही, तेव्हा पेनड्राइव्हला दोष देऊ नका. इनपेज विंडोजचे आहे. मजकूर युनिकोडमध्ये करून ठेवला तर दोन्हीकडे चालतो.

आणि बाजारात कवडीमोलाने मिळणारा 2 टीबीचा पेनड्राइव्ह घेऊच नका. आतली चिप खोटा आकार सांगते, कॉम्प्युटरही तोच दाखवतो, आणि खरी जागा भरली की पुढच्या फाइली नावापुरत्या उरतात.

लिनक्सवर कॉपीची पट्टी संपली तरी काम संपलेले नसते. मजकूर आधी कॉम्प्युटरच्या स्मृतीत जातो, मग हळूहळू पेनड्राइव्हवर उतरतो. म्हणून नावाशेजारचे इजेक्टचे चिन्ह दाबावे, 'आता काढा' असा निरोप येईपर्यंत थांबावे, आणि बत्ती लुकलुकत असेल तोवर हात लावू नये.