हेलपाटे कोणी घालावेत?

स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहाव्यात, असा निरोप आला तेव्हा सर्वप्रथम डोळ्यांसमोर आला तो वसतिगृहातील माझा एक मित्र. लहानपणी पोलिओ होऊन त्याचे दोन्ही पाय निकामी झाले होते. त्याचे आईवडील दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जात आणि आमच्यापैकी अनेकांप्रमाणे तोही शाळेच्या आधाराने मागे राही. वर्गापुढे दोन पायऱ्या होत्या. रोज सकाळी आम्ही दोघे-तिघे त्याला उचलून वर नेत असू. त्याचा आम्हाला अभिमान वाटे आणि गुरुजीही आमचे कौतुक करीत.

पुष्कळ वर्षांनी त्याची भेट झाली तेव्हा मी ही आठवण मोठ्या उत्साहाने काढली. तो हसला आणि म्हणाला, "तुम्ही उचलत होतात, त्याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. पण त्या दोन पायऱ्यांच्या जागी उतार असता, तर मी माझा मी आलो असतो." इतकी वर्षे आम्ही ज्याला मदत म्हणत आलो, तिची गरजच पडू नये अशी व्यवस्था करण्याचा विचार आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नव्हता. आज दिव्यांगांच्या अनुदानाकडे पाहताना मला वारंवार त्या दोन पायऱ्याच आठवतात.

माझ्या मित्राला संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे मिळतात. ते सुरू होण्यासाठी आणि सुरू राहण्यासाठी त्याला काय काय करावे लागले, ते त्याने सांगितले. जुने हस्तलिखित प्रमाणपत्र चालेना, म्हणून नव्या ऑनलाइन प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या गावी जाणे. तेथे त्या दिवशी तज्ज्ञ डॉक्टर नाहीत, म्हणून पुन्हा जाणे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तालुक्याला जाणे. आधार कार्डावर वडिलांचे नाव एका प्रकारे आणि प्रमाणपत्रावर दुसऱ्या प्रकारे, म्हणून दुरुस्ती. बँक खाते आधारशी जोडलेले नाही, म्हणून काही महिने पैसे बंद. शिवाय दरवर्षी हयातीचा दाखला. प्रत्येक खेपेला सोबत पत्नी, म्हणजे तिचा रोजगार बुडाला. ज्याला चालता येत नाही, त्यालाच गावात सर्वांत जास्त हेलपाटे घालावे लागले.

यात कोणा एका कर्मचाऱ्याचा दुष्टपणा होता असे मी म्हणत नाही. काहींनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिले, आपुलकीने विचारपूस केली. पण ती आपुलकी आम्ही त्याला उचलून नेत असू तशीच होती. पायऱ्या जागच्या जागीच राहिल्या.

हे अनुदान सरकारची कृपा आहे, असा समज खेड्यापाड्यांत घट्ट बसला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, त्या समितीने घडविलेल्या संविधानातील अनुच्छेद ४१ मध्ये बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता यांच्या प्रसंगी सार्वजनिक साहाय्याच्या हक्काचा स्पष्ट उल्लेख आहे. राज्याच्या आर्थिक कुवतीची मर्यादा तेथे घातलेली आहे आणि ते मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्याच्या आधारे थेट न्यायालयात जाता येत नाही, हे खरे. तरीही शब्द हक्क हाच आहे.

पुढे १९९५ मध्ये अपंग व्यक्तींसाठी पहिला सर्वंकष कायदा झाला. संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार भारताने २००७ मध्ये स्वीकारला आणि त्यानुसार २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. त्यातील कलम २४ प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावे असे आहे. इतरांसाठी असलेल्या सारख्याच योजनेपेक्षा दिव्यांगांना मिळणारे साहाय्य किमान २५ टक्के अधिक असले पाहिजे, असे ते सांगते. कारण उघड आहे. तेवढेच जीवन जगण्यासाठी दिव्यांगाला खर्च अधिक येतो. कुबडी, औषध, सोबतीचे माणूस, भाड्याची रिक्षा हे सारे त्याच्या वाट्याला जादा येते.

आता व्यवहार पाहू. आपल्या राज्यात संजय गांधी योजनेत विधवा, निराधार आणि दिव्यांग यांना अनेक वर्षे एकसारखीच रक्कम मिळत होती. ती २०२३ मध्ये दरमहा १,००० वरून १,५०० रुपये झाली, तीही सर्वांना सारखीच. दिव्यांगांसाठी ती २,५०० रुपये करण्याचा निर्णय सप्टेंबर २०२५ मध्ये झाला आणि ऑक्टोबरपासून लागू झाला. या निर्णयाचे स्वागतच केले पाहिजे. परंतु कायदा लागू होऊन तोवर आठ वर्षे उलटली होती, याची नोंदही केली पाहिजे. केंद्राच्या दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेतील वाटा तर ८० टक्के दिव्यांगत्व असलेल्या दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीसाठीही २०१२ पासून महिना ३०० रुपयेच आहे.

पात्रतेची अटही तपासून पाहण्यासारखी आहे. राज्याच्या योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. महिन्याला सुमारे ४,१६६ रुपये, तेही पूर्ण कुटुंबाचे. आपल्या केज तालुक्यात, नांदूरघाट परिसरात आणि एकूणच बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणारी जोडी मुकादमाकडून उचल घेते. ती रक्कम हातात एकदम येते म्हणून उत्पन्नासारखी दिसते. प्रत्यक्षात ते कर्ज असते आणि हंगामभर कोयता चालवून ते फेडावे लागते. ज्या घराने कर्ज काढून कारखान्याची वाट धरली, त्या घरातील दिव्यांग मुलाला सधन ठरविणे न्यायाचे नाही. त्यातच पडताळणी हंगामाच्या दिवसांत आली, तर घराला कुलूप असते किंवा घरी केवळ म्हातारी माणसे असतात. स्थलांतर करणारी माणसे कागदावर गैरहजर ठरतात आणि गैरहजर माणसाचे नाव यादीतून गळायला वेळ लागत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. बोगस प्रमाणपत्रे काढून लोक लाभ घेतात, मग कडक तपासणी नको का? अवश्य हवी. राज्यात अशी प्रकरणे उघडकीस आली आहेत आणि त्यांनी खऱ्या दिव्यांगांचेच नुकसान केले आहे. पण अनुभव असा आहे की, खोटे कागद करणाऱ्याकडे वाहन, पैसा आणि ओळख असते. त्याला दहा हेलपाट्यांचे काही वाटत नाही. हेलपाट्यांनी थकतो तो खरा गरजू. तपासणी काटेकोर असावी, पण तिचा भार यंत्रणेने उचलावा. एकदा दिलेले प्रमाणपत्र सर्व योजनांसाठी ग्राह्य असते, असे २०१७ च्या नियमांतच आहे. मग प्रत्येक खिडकीवर तोच प्रश्न नव्याने का विचारावा?

अंगठ्याचेही तसेच. ऊस तोडून, माती उपसून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांचा ठसा यंत्रावर उमटत नाही. डोळ्यांनी दिसत नाही, त्याला पडद्याकडे पाहून पापणी मिटण्यास सांगितले जाते. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग मानला आणि ओळख पडताळणीची पद्धत दिव्यांगांना वापरता येईल अशी करण्याचे निर्देश दिले. बँकेच्या खिडकीवर असा प्रसंग आला, तर या निकालाचा उल्लेख जरूर करावा.

महाराष्ट्राने २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' हा शब्द आला. शब्द बदलला, विभाग झाला. आता खिडकीपुढची रांग बदलायला हवी. हयातीचा दाखला तलाठी किंवा ग्रामसेवकाने घरी जाऊन घ्यावा. तपासणीचे शिबिर तालुक्यात ठरलेल्या तारखेला आणि ऊसतोड मजूर गावी असतील अशा महिन्यांत भरावे. पैसे बंद करण्यापूर्वी लेखी कारण कळवावे. यातील एकाही गोष्टीसाठी मोठा निधी लागत नाही.

काही काम आपलेही आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. ती आपल्या गावात कशावर खर्च झाली, हे ग्रामसभेत विचारायला शिक्षण लागते आणि ते शिक्षण आपल्याला या शाळेने दिले आहे. आपल्यापैकी कोणी शिक्षक आहेत, कोणी वकील, कोणी कारकून, कोणी सेवा केंद्र चालवितात. प्रत्येकाने आपल्या गावातील एका दिव्यांग व्यक्तीचा अर्ज शेवटपर्यंत नेला, तरी पुष्कळ हेलपाटे वाचतील. मात्र अर्ज नेताना तिला विचारून न्यावा. तिच्या वतीने बोलण्यापूर्वी तिचे म्हणणे ऐकावे. आम्ही वसतिगृहात नेमके हेच केले नव्हते.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती करून थांबतो. या वर्षीच्या स्नेहमेळाव्याला माझा मित्र येणार आहे. त्याला उचलायला आम्ही सारे आनंदाने पुढे होऊ. पण त्याआधी त्या दोन पायऱ्यांशेजारी एक उतार बांधून घ्यावा. खर्चाचा भार आमची तुकडी उचलील. तो स्वतःच्या बळावर वर्गात आला, तर आमच्या शाळेने त्याला दिलेले ते सर्वांत मोठे अनुदान ठरेल.